गळाची काठी, दोऱ्याचा वेढा आणि रोगणाचा हात

मासे धरण्याच्या गळाच्या काठीवर ठिकठिकाणी दिलेले दोऱ्याचे वेढे वरवर पाहणाऱ्यास शोभेचे वाटत असले, तरी काठीचे आयुष्य पुष्कळ अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते. ज्या धातूच्या कड्यांमधून दोर पुढे सरकतो त्या कड्यांचे पाय हे वेढे काठीला आवळून धरतात, बांबूला उभी चीर गेलीच तर तिला पुढे सरकू देत नाहीत, आणि काठीचे दोन भाग जेथे एकमेकांत बसतात त्या सांध्याला बळ देतात. मात्र उघडा दोरा पाणी पितो, ओलासुका होता होता सैल पडतो आणि शेवटी कुजतो. म्हणून त्यावर रोगण, म्हणजे ओले असताना पसरणारा आणि सुकल्यावर पाणी न शोषणारा कठीण पापुद्रा धरणारा लेप, द्यावा लागतो. हा लेप बोटाने द्यावा, पिसाने, कुंचल्याने, चिंध्यांच्या गादीने की पातळ पात्याने, हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु गेल्या दोन शतकांत या प्रश्नाची उत्तरे ज्या क्रमाने बदलत गेली तो क्रम लावून पाहिला, म्हणजे बांबू, लाख आणि जवस या तीन वस्तूंचा, त्यांच्या व्यापाराचा आणि त्या हाताळणाऱ्या कारागिरांचा इतिहास त्यातून उलगडू लागतो.

या कलेचे नामांकित कारखाने इंग्लंड आणि अमेरिकेत होते, आणि वाशीम जिल्ह्यातील रिसोड या तालुक्याच्या गावी त्यांपैकी एकही नव्हता. असे असूनही हा इतिहास रिसोडच्या बाजूने पाहणे सयुक्तिक ठरते, कारण ज्या मालातून ती काठी, तो वेढा आणि ते रोगण घडले तो माल वऱ्हाड आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील रान-शिवारांना परका नाही. कलेचा इतिहास कारखान्याच्या शिक्क्यावरून लिहिला तर तो परदेशात सुरू होतो. तो मालावरून आणि हातावरून लिहिला, तर त्याची मुळे मानवेलीच्या बेटात, पळसाच्या फांदीवर आणि जवसाच्या वावरात सापडतात.

पैनगंगेच्या काठची काठी

बुलढाण्याच्या बाजूने डोंगरातून उतरणारी पैनगंगा रिसोड तालुक्यातून पुढे जाते. ज्या वाशीमला प्राचीन काळी वत्सगुल्म म्हणत आणि जे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, त्याच्या परिसरातच रिसोड मोडते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिल्यानंतर येथे बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ साली मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यास जोडण्यात आला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. या साऱ्या फेरबदलांत नदी, नाले आणि तळी यांवर जगणारा भोई समाज आपल्या जागी राहिला. पालखी वाहणे आणि मासे धरणे ही या समाजाची परंपरेने चालत आलेली दोन कामे होत. त्याच्या पोटापाण्याचे मुख्य साधन जाळे हेच असले, तरी गळ हे अधिक साधे आणि कोणालाही जमणारे साधन आहे: एक काठी, तिच्या शेंड्याला दोर, दोराच्या टोकाला गरी म्हणजे वाकडा आकडा, आणि गरीला लावलेले गांडुळाचे किंवा कणकेच्या गोळीचे आमिष.

या काठीसाठी विदर्भातील डोंगरांत, विशेषतः मेळघाटाच्या रानात, मुबलक उगवणारा मानवेल हा बांबू फार सोयीचा असतो. वनस्पतिशास्त्रात त्यास डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असे नाव असून, कोरड्या आणि खडकाळ जमिनीवर वाढलेल्या मानवेलीची भिंत इतकी जाड असते की बारीक काठी जवळजवळ भरीव निघते. लाठी, पराणी आणि गळ यांसाठी तिला जी पसंती मिळते तिचे कारण हेच. पण बांबूचा एक स्वभाव त्याच्या गुणातूनच येतो. त्याचे तंतू सरळ उभे धावतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने तो विलक्षण ताण सोसतो, परंतु तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा भाग तुलनेने दुबळा असल्याने तो उभा सहज उकलतो. बुरूड, म्हणजे बांबूचे सूप, टोपली आणि चटई विणणारा कारागीर, याच स्वभावाचा उपयोग करून एका पेराच्या सरळ पट्ट्या काढतो; गळाच्या काठीत मात्र तोच स्वभाव दोष ठरतो, कारण मोठ्या माशाच्या ओढीने काठी वाकली की चीर जाण्याचा धोका असतो. लाठीला लोखंडी किंवा पितळी कडे बसवतात तेही याच कारणाने. दोऱ्याचा करकचून दिलेला वेढा म्हणजे असेच एक कडे असते, फक्त ते वजनाने नगण्य असते आणि काठीबरोबर वाकू शकते.

मत्स्यविनोद आणि लेखणीचे तीन प्रकार

रिसोडच्या जवळजवळ थेट दक्षिणेस असलेल्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणी हा संस्कृत ग्रंथ रचला. प्रत्येकी वीस अध्यायांचे पाच भाग असलेल्या या कोशवजा ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ, याला स्वतंत्र स्थान दिलेले असून माशांचे प्रकार आणि त्यांना घालावयाचा चारा यांचे त्यात सविस्तर वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ग्रंथाचे संपादन गजानन श्रीगोंदेकर यांनी केले आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड १९२५ साली, तर दुसरा १९३९ साली प्रसिद्ध झाला. दख्खनच्या या विद्येचा मोठा ठेवा अशा रीतीने एका मराठी विद्वानाच्या हातून आधुनिक वाचकापर्यंत पोचला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मानसोल्लासाचे महत्त्व दुहेरी आहे, कारण ज्या ग्रंथात गळाची चर्चा येते त्याच ग्रंथातील चित्रकलेच्या प्रकरणात लेप देण्याच्या साधनांची निवडही सांगितलेली आहे. वासराच्या कानातील मऊ केस काळजीपूर्वक घेऊन ते काठीच्या टोकाला लाखेने चिकटवावेत आणि अशी लेखणी, म्हणजे कुंचला, स्थूल, मध्यम व सूक्ष्म अशा तीन प्रकारची करावी, असे तेथे म्हटले आहे. स्थूल लेखणी रंगाचा सलग लेप देण्यासाठी, मध्यम आकार रेखण्यासाठी आणि सूक्ष्म बारीक रेषांसाठी, अशी कामाची वाटणीही तेथे केलेली आहे. लेप देण्याचे साधन हे लेपाच्या रुंदीवरून आणि त्याच्या वाहतेपणावरून निवडावे, हे तत्त्व म्हणजे आधुनिक छांदिष्टांचा शोध नव्हे. ते बाराव्या शतकात दख्खनमध्ये शास्त्र म्हणून लिहिले गेले होते, आणि केस काठीला धरून ठेवणारा पदार्थ तेव्हाही लाख हाच होता.

लाख: चटकन सुकणारा लेप

लाख म्हणजे केरिया लाक्का या नावाच्या सूक्ष्म कीटकाने झाडाच्या कोवळ्या फांदीवर रस शोषत असताना स्वतःभोवती तयार केलेले राळेसारखे कवच होय. पळस, कुसुम आणि बोर ही या कीटकाची मुख्य यजमान झाडे असून, पूर्व विदर्भापासून छत्तीसगड आणि छोटा नागपूरपर्यंतच्या रानात लाखेचे उत्पादन होत आले आहे. फांदीवरून खरवडलेली काडी-लाख कुटून आणि धुऊन तिचा दाणा करतात, आणि दाणा वितळवून पातळ पापुद्र्यासारखा ताणला की चपडा तयार होतो. एकोणिसाव्या शतकात जगाच्या बाजारात चपडा पुरवणारा मुख्य देश भारत होता; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रामोफोनच्या तबकड्याही याच चपड्याच्या जोरावर निघत, आणि या पदार्थाच्या अभ्यासासाठी रांचीजवळील नामकुम येथे १९२४ साली खास संशोधन संस्था स्थापन झाली.

लाख लावण्याच्या दोन पद्धती भारतात रूढ आहेत आणि त्या दोहोंची साधने अगदी वेगवेगळी आहेत. पहिली पद्धत कातारी कामाची, म्हणजे चरकावर लाकूड फिरवून वस्तू घडवण्याची. सावंतवाडीच्या लाखकामामुळे महाराष्ट्रात आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांमुळे कर्नाटकात ती सर्वपरिचित आहे. कातारी लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर उतरते, आणि मग केवड्याच्या वाळलेल्या पानाने ती दाबत नेली की थर सारखा होऊन त्यास चकाकी येते. येथे साधन जवळजवळ स्थिर असते आणि वस्तू फिरते. गोल वस्तूवरील लेप ओघळू न देता सर्व बाजूंनी समान करण्याची ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण आठ-नऊ शतकांच्या या कथेच्या अखेरीस ती पुन्हा भेटते.

दुसरी पद्धत द्रव लाखेची. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पातळ, मधासारख्या रंगाचे पॉलिश तयार होते, आणि स्पिरिट उडून गेले की काही मिनिटांत लाखेचा पापुद्रा मागे उरतो. कापसाच्या गोळ्याभोवती मऊ कापड बांधून केलेली लहानशी गादी हे या पॉलिशचे साधन. तिला तेलाचा एखादा थेंब लावून ती गोल किंवा आठाच्या आकड्यासारख्या वळणाने सतत फिरवत ठेवतात, कारण ती थांबली तर ओला पापुद्रा कापडाला धरतो आणि खरबडीत डाग उठतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पॉलिश या नावाने ही रीत पसरली. महाराष्ट्रात लाखेच्या पॉलिशचा मान विशेष दिसतो तो मिरजेच्या तंतुवाद्यांवर. हत्यारांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी १८५० च्या सुमारास तेथे तंबोरा आणि सतार घडवण्यास आरंभ केला, पुढे त्यांच्या वंशजांना सितारमेकर हेच आडनाव लाभले, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दांडीला बांधले जातात तेही दोऱ्याच्या वेढ्यांनीच. म्हणून वेढा आणि लाख यांचे नाते मराठी कारागिराला नवे नाही.

गळाच्या काठीवर मात्र लाखेच्या मर्यादा लवकर उघड होतात. लाखेचा पापुद्रा पाण्यात फार काळ राहिला तर पांढुरका पडतो, आणि काठी वारंवार वाकली की त्याला बारीक तडे जातात. सतार वाकत नाही आणि पाण्यातही जात नाही, म्हणून तिथे जो लेप राजा ठरतो तोच काठीवर केवळ पहिल्या थराचा मानकरी होतो. वेढ्याचा दोरा रेशमी असेल तर हा पहिला थर फार मोलाचा असतो. रेशमाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा प्रकाश विखुरते, त्यामुळे दोऱ्याचा रंग दिसतो. त्या हवेची जागा तेलकट रोगणाने घेतली की प्रकाश आरपार जाऊ लागतो, रंग मावळतो आणि खालचा बांबू दिसू लागतो. ज्या कारागिराला दोऱ्याचा मूळ रंग राखायचा असेल तो आधी लाखेचा किंवा तशाच चटकन सुकणाऱ्या द्रवाचा अतिशय पातळ हात देऊन दोऱ्याची भोके बंद करी. असा हात देण्यास बारीक, मऊ आणि थोडासाच माल धरणारा कुंचला लागे, आणि एकदा फिरवलेल्या जागी तो पुन्हा फिरवणे वर्ज्य असे, कारण अर्धवट सुकलेला लाखेचा थर दुसऱ्या फटकाऱ्याने विरघळून ओढला जातो.

जवस: सावकाश सुकणारा लेप

काठीला बाहेरून झाकणारा खरा लेप जवसाच्या तेलातून आला. वऱ्हाड आणि नागपूर हा जवस पिकवणारा जुना मुलूख होय. चटणी, तेल आणि जनावरांची पेंड या तिन्ही रूपांत तो येथील घरात नांदतो. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी भुसावळ-नागपूर ही लोहमार्गाची शाखा १८६७ साली पुरी झाली, आणि त्यानंतर कापसाबरोबर जवसाचीही मोठी रवानगी मुंबईमार्गे युरोपला होऊ लागली. रिसोड या मार्गापासून दूर असल्याने तेथील माल आधी बैलगाडीने बाजारपेठ गाठे आणि मग रेल्वेत चढे. इंग्लंडमध्ये गाळल्या जाणाऱ्या तेलाच्या पाठीशी जे बियाणे होते, त्यात मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांचा वाटा ठळक होता.

जवसाचे तेल तिळाच्या साध्या तेलासारखे कायम ओलसर राहत नाही. हवेतील प्राणवायू शोषून त्याचे कण एकमेकांशी जोडले जातात आणि तेलाची लवचीक कातडी बनते. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे पिवळसर भस्म, यासारखा सुकवणारा पदार्थ घालून तेल कढवले की ही क्रिया वेगाने होते. त्यात राळ मिसळून टर्पेंटाइनने पातळ केले की तेलाचे रोगण तयार होते. जहाजांच्या डोलकाठ्यांना ऊन, पाणी आणि वाकणे हे तिन्ही एकदम सोसावे लागते, म्हणून त्यांच्यासाठी केलेले खास रोगण गळाच्या काठीलाही मानवले. लाखेचा सुकण्याचा वेळ मिनिटांत मोजावा, तर या रोगणाचा तासांत आणि दिवसांत. आणि साधनाची निवड या एका फरकाने पालटली.

सावकाश सुकणारे रोगण स्वतःहून पसरून सपाट होते, त्यामुळे कुंचल्याची रेघ मागे राहत नाही, पण तितक्याच वेळात हवेतील धूळही त्यावर बसते आणि जाड थर दिला तर वरची कातडी आधी धरून आतला भाग ओला राहतो व सुरकुत्या पडतात. या अडचणींवर कारागिरांनी शोधलेला उपाय म्हणजे अनेक पातळ हात, आणि दोन हातांच्या मध्ये पुरते सुकणे व हलकी घासणी. डुकराच्या राठ केसांचा कुंचला घट्ट तैलरंगाला चांगला असला तरी वेढ्यावर तो दोऱ्याच्या कडा उसवतो. म्हणून येथे लांब, मऊ आणि टोकाला एकत्र येणाऱ्या केसांचा कुंचला लागे. पहिला हात पुष्कळदा बोटानेच चोळत, कारण बोटाची ऊब रोगणाला पातळ करते, हलका दाब त्याला दोऱ्याच्या आत शिरवतो, आणि किती माल बसला हे डोळ्याआधी त्वचेला कळते. कुंचला महाग आणि बोट फुकट, हे त्यामागचे दुय्यम कारण. बोट हे मालाचा अंदाज देणारे साधन होते, हे मुख्य कारण होय.

कलकत्ता बांबूचा प्रवास

या दोन रोगणांचा आणि मानवेलीचा संगम परदेशात झाला. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बंदरातून जो बांबू इंग्लंड-अमेरिकेत जाई त्याला तेथे कलकत्ता बांबू म्हणत, आणि हे नाव आजही मानवेलीच्याच जातीला दिले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन येथे राहणारा सॅम्युएल फिलिप याने १८४० च्या दशकात या बांबूच्या पट्ट्या काढून, त्या कोन साधून एकत्र चिकटवून गळाची काठी घडवली. तो मुळात बंदुका करणारा कारागीर होता आणि व्हायोलिनही घडवी. त्याच सुमारास मिरजेत शस्त्रांना झिलई देणारे हात तंबोऱ्याकडे वळत होते, हा दोन खंडांतील समांतर प्रवास मनात ठसतो. शस्त्राची मागणी आणि वाद्याची नजाकत एकाच हातात आली की लाकूड, वेढा आणि रोगण यांची समज पक्की होते, असे त्यावरून म्हणता येते. १८७० च्या दशकात हायरम लिओनर्ड याने सहा पट्ट्यांची काठी यंत्राने कापून मोठ्या प्रमाणावर आणली, आणि अशा काठीवरील प्रत्येक कडी रेशमी वेढ्याने व तेलाच्या रोगणाने बांधली जाऊ लागली.

याच काळात भारतातही गळाचा इंग्रजी छंद मूळ धरत होता. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने भारतातील गळावर लिहिलेला ग्रंथ १८७३ साली मंगळूर येथे निघाला, आणि तळ्यांतील गळावरचे त्याचे दुसरे पुस्तक १८८७ साली आले. परदेशातून आलेली काठी पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात तिचे वेढे सैल पडत, आणि मग दुरुस्तीला स्थानिक सुताराचा किंवा पॉलिशवाल्याचा हात लागे. रानातला मानवेल समुद्रापार जाऊन रोगण चढवून परत येई, आणि त्या रोगणाची डागडुजी मात्र येथेच शिकलेल्या हाताने होई, असा हा पालटा व्यवहार होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या दक्षिणेकडील, टोंकिन या व्यापारी नावाने ओळखला जाणारा बांबू अधिक सरळ आणि कणखर ठरला व कलकत्ता बांबू मागे पडला. १९४६ नंतर काचतंतूच्या काठ्या बाजारात आल्या, १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातल्याने टोंकिन बांबूची वाट बंद झाली, आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतूची काठी अवतरली. दोराच्या जागी तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी पारदर्शक तार, आली आणि वेढ्यालाही रेशमाऐवजी नायलॉनचा धागा वापरला जाऊ लागला. काठी बदलली, दोरा बदलला, तरीही कडी काठीला बांधण्यासाठी वेढ्याहून बरा उपाय सापडला नाही. म्हणूनच वेढा उरला आणि त्याबरोबर लेपाच्या साधनाचा प्रश्नही उरला.

दोन भागांचा लेप आणि फिरती काठी

काचतंतू आणि कार्बनतंतू यांच्या काठीवर जवसाचे रोगण चालते, पण त्याला लागणारा वेळ कारखान्याला परवडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर औद्योगिक वापरात आलेल्या इपॉक्सी राळेने ती जागा घेतली. राळ आणि घट्ट करणारा द्रव असे तिचे दोन भाग असून, वेढ्याच्या लेपासाठी ते बहुधा समान मापाने घेऊन मिसळतात. येथे काही उडून जात नाही आणि हवेतून काही शोषलेही जात नाही; दोन्ही भाग एकमेकांशी जोडले जाऊन घट्ट होतात, म्हणून एका हातात लाखेच्या किंवा जवसाच्या अनेक हातांइतकी जाडी बसते. मात्र माप चुकले तर लेप कायमचा चिकट राहतो, आणि मिसळलेला माल साधारण अर्ध्या तासात दाट होऊ लागल्याने साधन आधीच ठरवून हाताशी ठेवावे लागते.

इपॉक्सीचे दोन शत्रू: बुडबुडा आणि ओघळ. केसांचा कुंचला केसांमध्ये हवा धरून ठेवतो आणि ती लेपात सोडतो. शिवाय केस गळून थरात अडकला तर तो पुन्हा काढता येत नाही. म्हणून कित्येक कारागीर मऊ कृत्रिम केसांचा चपटा कुंचला एकदाच वापरून टाकून देतात, तर काही जण कुंचला बाजूला ठेवून धातूचे किंवा प्लास्टिकचे पातळ लवचीक पाते वापरतात. पात्याच्या टोकावर मालाचा थेंब घेऊन तो फिरत्या वेढ्याला हलकेच टेकवला की माल स्वतःच दोऱ्यावर ओढला जातो आणि कडीच्या पायाखालच्या बोगद्यासारख्या पोकळीतही सुईच्या साहाय्याने उतरवता येतो. कुंचला चांगला तो लांबच्या लांब वेढ्याला, पाते चांगले ते जाड लेपाला आणि कडेच्या सरळ रेषेला, बोट चांगले ते पहिल्या पातळ थराला, असा अनुभवाचा सारांश आहे. बुडबुडे काढण्यासाठी स्पिरिटच्या दिव्याची ऊब दुरून दाखवतात. उष्णतेने लेप पातळ होऊन अडकलेली हवा वर येते, आणि या कामी तोंडाने फुंकर घालणे वाईट, कारण श्वासातील ओलावा लेपाला धुरकट करतो.

ओघळाचा उपाय काठी फिरती ठेवणे हा आहे. काठी आडवी टेकवून लहान मोटारीने मिनिटाला साधारण १० ते २० फेरे देत राहिले, तर गुरुत्वाकर्षण प्रत्येक बाजूला सारखेच ओढते आणि लेप घट्ट होईपर्यंत खाली लोंबत नाही. हे पाहिले म्हणजे कातारी चरकावर फिरणारे लाकूड आणि केवड्याचे पान डोळ्यांपुढे उभे राहते. मोटार नवी, राळ नवी, धागाही नवा. पण वस्तू फिरावी आणि साधन निश्चल राहावे ही समज दख्खनच्या लाखकामात केव्हाचीच नांदत होती.

कुंचल्याच्या निवडीला आज आणखी एक बंधन आहे आणि ते योग्यच आहे. बारीक टोक धरणारे मुंगसाचे केस भारतात दीर्घकाळ उत्तम मानले गेले, परंतु एका मुंगसाच्या अंगावर कामाचे केस फार थोडे निघत असल्याने कुंचल्यांसाठी मुंगसांची बेसुमार हत्या झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित असून, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने २०१९ साली क्लीन आर्ट या नावाने अशा कुंचल्यांविरुद्ध देशभर कारवाई केली. कृत्रिम केसांचा कुंचला आता तितकाच बारीक आणि अधिक टिकाऊ मिळतो, तेव्हा लेपाच्या सुबकतेसाठी मुंगसाचा जीव घेण्यास कोणतेही कारण उरलेले नाही.

साधनाचा धडा

या सबंध इतिहासातून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. लेपाचे साधन रूढीने, किमतीने किंवा नावलौकिकाने निवडले गेले तेथे ते फसले; ते लेपाच्या सुकण्याच्या स्वभावावरून निवडले गेले तेथे टिकले. उडून सुकणाऱ्या लाखेला सतत फिरणारी गादी किंवा एकदाच फिरणारा कुंचला हवा, हवेने सुकणाऱ्या जवसाला मऊ कुंचला आणि धीर हवा, आपल्याआपणच घट्ट होणाऱ्या इपॉक्सीला हवा न धरणारे पाते आणि फिरती काठी हवी. पेनसिल्व्हेनियातील बंदुका करणारा, मिरजेचा शिकलगार, सावंतवाडीचा कातारी आणि मानसोल्लासातील वासराच्या केसांची लेखणी घडवणारा चित्रकार यांनी हाच नियम वेगवेगळ्या भाषांत पाळला.

यातील परदेशी नावे ग्रंथांत नोंदली गेली, कारण तेथील कारखान्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवली. वऱ्हाडच्या बुरुडाने मानवेलीची चीर कोणत्या वेढ्याने अडवली, भोई बांधवांनी गळाच्या शेंड्याला कोणता दोर कसा आवळला, सुताराने जवसाचे तेल किती हात चोळले, यांच्या नोंदी कागदावर फारशा नाहीत. त्या हातांत आणि शब्दांत आहेत. तंगूस आणि तयार काठ्या गावोगाव पोचल्यावर ते हात विसावतात आणि शब्द विरतात. रिसोड, वाशीम, मंगरूळपीर आणि पैनगंगेच्या काठच्या गावांतील शाळा-महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी भोई, बुरूड आणि सुतार समाजांतील वृद्धांकडून या कामाचे शब्द, साधने आणि रीती आताच लिहून घ्याव्यात. मानवेल, लाख आणि जवस या तिन्ही वस्तू या मातीच्या आहेत. त्यांच्यावरील हाताचा इतिहासही या मातीच्या भाषेत लिहिला गेला पाहिजे.